कापसाच्या खोलीतला हुंकार

चौथ्या टेकलाही पंचफुलाबाई त्याच जागी थांबल्या. दोन वाक्यं झाली, तिसरं ओठांपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. त्यांनी आमच्याकडं पाहिलं, छतापर्यंत भरलेल्या कापसाकडं पाहिलं आणि मग मान खाली घालून कंदिलाकडं पाहत बसल्या.

"कट," मेघना म्हणाली. आवाज अगदी गोड होता, म्हणजे आता ती चिडली होती.

टेक म्हणजे कॅमेरा सुरू केल्यापासून बंद करेपर्यंतचा एक प्रयत्न. हा सीन सहा मिनिटांचा होता आणि तो एकाच टेकमध्ये घ्यायचा होता. पंचफुलाबाईंनी कंदिलापुढं एकटीनं बसून एक गोष्ट सांगायची, बस्स. सिनेमा भुताचा, पण भूत दाखवण्याची आमची ऐपत नव्हती. फोटोंचा एक कॅमेरा, एक लॅपटॉप, माझा रेकॉर्डर, रंगाऱ्याच्या लांब काठीला बांधलेला माइक आणि पंचफुलाबाई धरून चार माणसं. म्हणून मेघनानं ठरवलं होतं की भूत दाखवायचंच नाही, नुसतं ऐकवायचं. अख्खा सिनेमा या सहा मिनिटांवर उभा होता.

मेघना जानेफळची. पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी करते आणि सुट्ट्या साठवून सिनेमा करते. कॅमेरामन सौरभ तिच्या कॉलेजचा. मी खामगावचा, साउंड रेकॉर्डिस्ट. तरुणपणी लग्नांत स्पीकर लावायचो. लोकांचे कान फुटेस्तोवर वाजवलं आणि त्याची फेड म्हणून आता उरलेलं आयुष्य लोकांना गप्प बसवण्यात घालवतोय. सेटवर मला कोणी नावानं हाक मारत नाही. 'साउंडवाले काका' म्हणतात आणि जरा लांबच बसतात. मी चिडका आहे, हे मला माहीत आहे.

दुपारचे दोन वाजले होते, पण त्या खोलीत मध्यरात्र होती. सौरभनं खिडकीला ताडपत्री लावली होती आणि वरच्या झरोक्याला निळा कागद. "काका, रात्री शूटिंग करायचं तर लाइटं लागतात. दिवसाची रात्र करायला ताडपत्री पुरते. बाकीची रात्र लॅपटॉप करतो," असं त्यानं मला समजावलं होतं. खरोखरच झरोक्यातून निळसर उजेड कापसावर पडला होता आणि त्यात कापसाचे तंतू तरंगत होते, खाली येतच नव्हते. कंदिलात बॅटरीचा दिवा होता. पेटता कंदील आत नेला असता तर मेघनाच्या वडलांनी आधी आम्हालाच पेटवलं असतं. खोली त्यांची, कापूसही त्यांचा. दुसऱ्या दिवशी सकाळी कापूस न्यायला गाडी येणार होती. मग ना ती खोली राहणार होती, ना ती रात्र.

आणि माझ्यासाठी ती खोली म्हणजे स्वर्ग होता. कापूस आवाज पितो. भिंतीवरून आवाज परत येत नाही, घुमत नाही, जिथल्या तिथं विरतो. मी हेडफोन घालून डोळे मिटले की बाहेरचा गाव, ट्रॅक्टर, कोंबड्या सगळं पुसलं जायचं. उरायचा पंचफुलाबाईंचा श्वास, एखाद्या बांगडीची किणकिण आणि कापूस आपल्याच वजनानं दबताना होणारी बारीकशी कुजबुज. तीस वर्षांत एवढी शांतता मला मिळाली नव्हती. कापसात बसून अंगाला खाज सुटते, पण खाजवायचीही मी बंदी घातली होती. सगळ्यांचे मोबाइल बंद करून एका डब्यात ठेवले होते. दाराशी दोन बाया पाहायला येऊन बसल्या होत्या, त्यांनाही मी हाकलून दिलं. वर टेकच्या आधी ओरडायचो, "शांतता! एकदम शांतता! श्वाससुद्धा हळू घ्या!"

पंचफुलाबाई काही नटी नव्हेत. निंदणाला जाणाऱ्या बायांच्या टोळीच्या त्या मुकादमीण. ओळीत बसून तण काढता काढता गोष्टी सांगायच्या. मेघना शाळेत असताना बांधावर बसून त्या ऐकायची. सिनेमातली गोष्टही पंचफुलाबाईंचीच. एक बाई कापूस राखायला एकटी बसलेली असते. कापसाच्या ढिगाखालून कोणीतरी तिला विचारतं, "बाई वं, अजून किती रात्र राह्यली?" बाई सांगते, लय राह्यली. थोड्या वेळानं आवाज पुन्हा विचारतो, आणि दर वेळी जरा जवळून येतो. पन्नासदा सांगितलेली गोष्ट. ती विसरण्याचा प्रश्नच नव्हता. तरी त्या चारदा थांबल्या होत्या.

आम्ही बाहेर आलो. उन्हानं डोळे दिपले. एवढ्या अंधारातून आल्यावर ते ऊनच खोटं वाटत होतं. मेघना डब्यातला आपला फोन काढून बोलत होती. खामगावची नाटकात काम करणारी एक बाई तिच्या ओळखीची होती.

"ती तयार आहे," मेघना फोन परत डब्यात टाकून म्हणाली. "आत्ता निघाली तर पाचपर्यंत पोचेल. मी तिला तीनला नक्की सांगते म्हटलंय. काका, तुम्हाला काय वाटतं?"

"बोलाव," मी म्हटलं. "ज्याचं काम त्यानं करावं."

"पण मावशीला काय सांगू?"

"खरं ते सांग. जमत नाहीये."

हे मी बोललो. आज लिहिताना लाज वाटते, पण बोललो.

पाणी प्यायला गोठ्याकडं गेलो तर तिथं पंचफुलाबाई बसलेल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

"साहेब, एक इचारू काय?" त्या म्हणाल्या. "भूल पडते म्हन्तात, ते अशीच पडते काय?"

"कसली भूल?"

"धाड गावाले माही मोठी बहीन हाये. माह्याहून लय गोष्टी येत तिले. मले त्या तिनंच शिकवल्या. मंग एक दिवस सांगता सांगता मधातच थांबली. पहिले गोष्टी गेल्या, मंग नावं गेली. आता पोटच्या पोराले इचारते, तू कोनाचा रे बाप्पा?" त्या हसल्या, पण हसू टिकलं नाही. "तिचंही असंच सुरू झालतं. आज चार खेपा मी मधातच थांबली. पुढचं समोर दिसे मले, पन तोंडातून निघेच ना."

"ऊन लागलं असेल," मी म्हटलं. त्या सकाळपासून अंधाऱ्या खोलीत बसल्या होत्या.

"हाव, ऊनच असन," त्या म्हणाल्या. माझी लाज राखायला म्हणाल्या, हे मलाही कळलं. मी तांब्या तिथंच ठेवून निघालो.

ओसरीवर लॅपटॉप उघडला. वाटलं, चेहरा दुसऱ्या बाईचा असला तरी निदान आवाज पंचफुलाबाईंचा वापरता येईल. आदल्या दिवशी त्यांनी अंगणात हीच गोष्ट पूर्ण सांगितली होती. त्या दोन बाया, ज्यांना मी आज दारातून हाकललं, तुरीची डाळ निवडत समोर बसल्या होत्या. आवाज कसा लागतो ते पाहायला मी रेकॉर्डर सुरू ठेवला होता. फाइलला मी स्वतः नाव दिलं होतं, 'निरुपयोगी, बाया मधे बोलतात'.

आमच्याकडं एक सॉफ्टवेअर असतं. मुख्य आवाज ठेवायचा आणि बाकीचा पुसायचा. पंख्याची घरघर, गाडीचा हॉर्न, कुत्रं, सगळं पुसता येतं. मी त्या बायांना पुसायला बसलो. एकीचं 'हं', दुसरीचं 'हाव', मग दोघींचं मिळून 'मंग?' एकेक आवाज निवडत होतो, पुसत होतो. पुसून झाल्यावर सुरुवातीपासून लावलं.

पंचफुलाबाई दोन वाक्यं बोलल्या आणि थांबल्या.

मी लॅपटॉपला शिवी घातली. पुन्हा लावलं. तेच. दोन वाक्यं, मग खड्डा. तिसरं वाक्य खड्ड्याच्या पलीकडं. मग मी पुसलेला आवाज परत आणला. दोन वाक्यं, "हाव", तिसरं वाक्य. पुसला, की खड्डा. आणला, की गोष्ट पुढं. त्या दिवशीचे चारही टेक काढून शेजारी शेजारी ठेवले. चारही वेळा बाई त्याच खड्ड्याशी येऊन उभी राहिली होती. आणि आवाज पूर्ण वाढवून ऐकलं तेव्हा प्रत्येक टेकमध्ये त्या थांबण्यानंतर एक अगदी हलकं, विचारल्यासारखं "हं?" होतं. बाई आम्हाला विचारत होती, आहात का कोणी? आणि आम्ही श्वास रोखून बसलो होतो.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं गोष्ट एकट्यानं सांगत नाहीत. ऐकणाऱ्यानं मधून मधून हुंकार द्यायचा असतो. हं, हाव, मंग. हुंकार थांबला की ऐकणारा झोपला, आणि ऐकणारा झोपला की गोष्ट थांबवायची. लहानपणी मीही असा हुंकार देतच मोठा झालो. पण मी त्याला 'मधे बोलणं' असं नाव दिलं होतं, तेही स्वतःच्या हातानं टाइप करून.

गोठ्याकडं मी जवळजवळ पळत गेलो.

"बाई, काल त्या दोघी हुंकार देत होत्या ना?"

पंचफुलाबाईंचा हात पदरावरच थांबला. "अवं माय व! हुंकारा!" त्यांनी कपाळावर हात मारला. "कोनी हुंकाराच देऊन नाही राह्यलं! मले वाटे, सारे झोपले नाही तं माहंच काही चुकून राह्यलं. अन् तुम्ही तं असे वरडता, जसा सिंव्ह आला!"

मी हसलो. पण त्या पुन्हा पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. "तेवढंच असन ना, साहेब? का हे मनाचं समाधान?"

मला काय माहीत? "करून पाहू," मी म्हटलं.

तीनला दहा कमी होते. मेघनाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग त्या बायांना आत बसवू."

"त्यांचे आवाज टेकमध्ये येतील. सिनेमात ही बाई एकटी आहे."

"नुसती मान हलवली तर?" सौरभ म्हणाला. "कॅमेऱ्यामागून मी हलवतो."

"काऊन रे," पंचफुलाबाई म्हणाल्या, "मी कंदिलाकडं पाहू का तुह्या मुंडीकडं?"

शेवटी डब्यातले मोबाइल मीच काढले. मेघनाचा बिनवायरचा इयरफोन पंचफुलाबाईंच्या कानात बसवला आणि त्यावरून पदर घेतला. मेघनाचा फोन भिंतीपलीकडं ठेवला, त्यावर मी माझ्या फोनवरून कॉल लावला. मी ओसरीवर पोत्यावर बसलो, कानाला रेकॉर्डरचा हेडफोन आणि तोंडाशी मोबाइल. आता आत शांतताही राहणार होती आणि बाईच्या कानात हुंकारही जाणार होता. माझ्या डोक्याचं मलाच कौतुक वाटलं.

पाचवा टेक. दोन वाक्यं. मी म्हटलं, "हो." गोष्ट पुढं सरकली! आणखी दोन वाक्यं. "हो." माझी नजर रेकॉर्डरच्या मीटरवर होती, आवाज लाल रेषेला लागतो का ते पाहत होतो. "हो." पंचफुलाबाई थांबल्या.

"साहेब," त्या कॅमेऱ्यादेखत म्हणाल्या, "तुम्ही ऐकून नाही राह्यले. नुसते हो हो करून राह्यले."

मेघनानं कट म्हटलं. मी ओसरीवर लाल होऊन बसलो. तीस वर्षं मी माणसांचे आवाज ऐकत आलो. कोणाचा 'स' टोचतो, कोणाचा श्वास माइकवर आदळतो, सगळं सांगू शकतो. पण कोण काय म्हणालं ते विचाराल तर एक अक्षर सांगता येणार नाही. बाईनं ते तीन हुंकारांत ओळखलं.

मी रेकॉर्डर पालथा ठेवला, मीटर दिसू नये म्हणून. डोळे मिटले.

सहावा टेक. "एक बाई होती," पंचफुलाबाई माझ्या दोन्ही कानांत म्हणाल्या. "कापूस राखाले बसली होती."

"हाव," मी म्हटलं. माझ्या तोंडून 'हो' गेलं होतं आणि 'हाव' आलं होतं.

मग काय झालं ते नीट सांगता येत नाही. बाहेर ऊन होतं, हे मला माहीत होतं. पोत्याचा कडक शिवणीचा काठ मांडीला रुतत होता, हेही माहीत होतं. पण मी त्या खोलीत होतो, तीही आमची खोली नव्हे, गोष्टीतली. पांढरा ढीग, निळा उजेड, आणि मधात एकटी बाई. ढिगाखालून कोणी विचारलं, किती रात्र राह्यली. माझ्या पाठीवर काटा आला. मी "हं" म्हणायचो आणि सांगणारी पुढं जायची. मी उशीर केला तर ती थांबायची, मी घाईनं म्हटलं तर तीही घाई करायची. एकदा मला खरंच पुढचं ऐकायला नको होतं, मी गप्प राहिलो, आणि तीही गप्प बसून राहिली, किती वेळ कोण जाणे. मग मी अगदी हळू "मंग?" म्हटलं.

गोष्ट संपली. सकाळी माणसं आली तेव्हा कापूस होता तसाच होता, बाई नव्हती. स्क्रिप्ट इथवरच होती. इथं मेघनानं कट म्हणायचं होतं. पण मी कुठं भानावर होतो? मी एखाद्या पोरासारखं विचारलं, "मंग?"

ऐकणाऱ्यानं विचारलं की सांगणाऱ्यानं उत्तर द्यायचं असतं. पंचफुलाबाई थोड्या थांबल्या. मग त्यांचा हसल्यासारखा श्वास आला.

"मंग काय बाप्पा," त्या म्हणाल्या, "जो 'मंग' म्हन्ते, त्याच्याच घरी जाते ते."

मी हेडफोन काढून फेकला. खरंच फेकला, त्याची एक बाजू आजही चिकटपट्टीवर आहे. आत मेघना कट म्हणाली तीही कुजबुजत, हे मी नंतर रेकॉर्डिंगमध्ये ऐकलं. नाटकवाल्या बाईला फोन केला तेव्हा चार वाजून गेले होते. तिनं आम्हाला चांगलंच झापलं.

पुढं एडिटिंगला बसलो तेव्हा सौरभ म्हणाला, मधल्या रिकाम्या जागा कापू. चित्रात पंचफुलाबाई दोन वाक्यं बोलतात, थांबतात, कान देतात, समाधान झाल्यासारखी मान हलवतात आणि पुढं बोलतात. माझा हुंकार तर टेकमध्ये नाहीच. मेघनानं एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहताना तिनं पाय खुर्चीवर वर घेतले. "हिला कोण हुंकार देतंय?" ती म्हणाली. आम्हाला सगळं माहीत असून आमची खोलीत मागं वळून पाहायची हिंमत होईना. ते भूत मी आहे, चोपन्न वर्षांचा, शुगर असलेला. एकही रिकामी जागा कापली नाही.

सिनेमा पुण्यात काही लोकांना दाखवला तेव्हा त्या सहा मिनिटांत कोणी खुर्चीतून हललं नाही. जानेफळला दाखवला तो मंगल कार्यालयात, भरदुपारी, पडदे ओढून. निंदणाची सगळी टोळी पुढं सतरंजीवर. पंचफुलाबाई मागं भिंतीला टेकून माझ्या शेजारी. सकाळपासून त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

पडद्यावर त्या दोन वाक्यं बोलून थांबल्या. पुढून एक बाई अगदी सहज म्हणाली, "हाव." पुढच्या थांब्याला चार जणी म्हणाल्या. मग सगळी टोळीच. मेघनानं कपाळाला हात लावला. तिच्या सिनेमातली भीती गेली होती, रिकाम्या जागा माणसांनी भरून टाकल्या होत्या. मलाही वाटलं, संपलं. गोष्ट शेवटाला आली, बाई नव्हती, आणि पडदा गप्प झाला. सतरंजीवरून एका सुरात आवाज आला, "मंग?"

"मंग काय बाप्पा," पडद्यावरच्या पंचफुलाबाई थेट त्यांना म्हणाल्या, "जो 'मंग' म्हन्ते, त्याच्याच घरी जाते ते."

असं किंचाळणं मी कुठल्याही रेकॉर्डिंगमध्ये ऐकलेलं नाही. एक बाई उठून दाराकडं पळाली, दुसरी तिच्या पदराला धरून. मग हसणं, शिव्या, "पंचफुले, तुह्या तोंडाले काय म्हनावं व!" लाइट लागले तरी उठायला कोणी तयार नव्हतं. कोणीतरी म्हणालं, आता एक चांगली सांग, अशानं घरी कसं जावं?

पंचफुलाबाई उठल्या. पांढऱ्या पडद्यापुढं उभ्या राहिल्या. दुसरीच, लांबलचक गोष्ट सुरू केली. त्यात सात भाऊ होते, सातांची नावं होती, सातांच्या बायकांचीही होती. मी भिंतीपाशी बसून बोटांवर नावं मोजत होतो. चौदाच्या चौदा नावं आली, शेवटी पुन्हा उलट क्रमानं आली. पाऊण तास. बाई एकदाही अडखळली नाही.

मग ती गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आली. डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायचं तिला काही कारण वाटलं नाही.

"नाही पडली, साहेब," ती म्हणाली. "भूल नाही पडली मले."

"हाव," मी म्हटलं.

सेटवर मी अजूनही शांतता म्हणून ओरडतो, त्याशिवाय माझं काम होत नाही. फक्त त्याआधी कलाकाराला विचारतो, तुम्हाला ऐकायला कोणी लागतं का? बहुतेक जण हसून नाही म्हणतात. एखादा थोडा थांबतो आणि मग हो म्हणतो. त्याच्यासाठी इयरफोन चार्ज करून ठेवलेला असतो.